न मोजलेली लेकरं

शरणम्माचा आवाज तंबूतल्या शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचला असता. मी उमेदीची सारी वर्षं नाटकाच्या फिरत्या कंपनीत काढली. उदगीर, देगलूर, कंधार, माहूरची जत्रा, जिथे तंबू उभा राहील तिथे तोंडाला रंग लावला. त्यामुळे दुसरं काही नाही तरी आवाज मला कळतो. आणि असा आवाज लाभलेली ही बाई लातूरच्या डाळ मिलच्या मागच्या एका गोदामात बसून लेकरं झोपवायची. तेही ओरडून. माझी खोली समोरच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भांडण जुंपलंय. दारातून डोकावलो तर अंगाई चालली होती.

"अगं, जरा हळू म्हण की. दचकतील ना लेकरं!"

"न्हाई दचकत, अण्णा," ती म्हणाली. "मिलच्या घरघरीत वाढलेली हायत. गप बसलं की उठत्यात बगा."

ती मला दाखवायला गप्प बसली. खरोखर, एका झोळीतून कुरकुर सुरू झाली, मग दुसरीतून, मग सगळं गोदाम रडायला लागलं. शरणम्माने पुन्हा सूर लावला. हळूहळू सगळं शांत झालं. शांत म्हणजे तिचा आवाज सोडून. टाळ्या घ्याव्यात असा प्रवेश होता तो, पण टाळ्या वाजवणारा मी एकटाच, आणि मलाही तिने हातानेच गप्प केलं.

शरणम्मा पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. माहेर-सासर दोन्ही निलंग्याकडचं, सीमेजवळचं. त्यामुळे राग आला की कानडी, एरवी आपली मराठी. नवरा आजारपणात गेल्यावर ती लातूरला आली आणि मिलमध्ये डाळ निवडायला लागली. तिथे बाया तान्ही लेकरं घेऊन यायच्या आणि पोत्यांच्या आडोशाला निजवायच्या. एकदा पोत्यांची थप्पी सरकली. दिपालीचा सत्यम त्या आडोशालाच होता. जीव वाचला, पण एका हाताची बोटं चेंगरली. दुसऱ्या दिवसापासून मिलच्या फाटकात लेकरांना बंदी झाली.

मालकालाही दोष कसा द्यावा? पण बायांनी करायचं काय? काहींनी काम सोडलं. बाकीच्यांनी लेकरं घरात ठेवून बाहेरून कुलूप घातलं, आणि जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन पाजून येऊ लागल्या. शरणम्मा सकाळी वस्तीतून मिलकडे जायची तेव्हा कुलूपबंद दारांच्या मागून रडणं ऐकू यायचं. काही दिवस तिने ते ऐकलं. मग काम सोडलं, गुरुलिंगअप्पांकडून त्यांचं रिकामं गोदाम मागून घेतलं, आणि कुलपातली लेकरं बाहेर काढली.

गोदामाच्या वाशांना तिने दोर बांधले आणि प्रत्येक आईकडून तिचं जुनं लुगडं मागितलं. दुसऱ्या कुणाचं चालायचं नाही. आईच्या वासाशिवाय लेकरू निजत नाही, हा तिचा कायदा. सकाळी लुगडं दोराला बांधायचं, झोळी करायची, संध्याकाळी सोडून घडी घालायची. दुपारी दारातून पाहिलं की रंगीत पडद्यांच्या रांगा हलताना दिसत. मला आमच्या कंपनीचा कपडेपट आठवायचा. एका कोपऱ्यात एक हिरवं इरकल लुगडं नेहमी झोळीसारखं बांधलेलं असे. ते मात्र रिकामंच. मला वाटायचं, जास्तीचं असेल.

यंदा पावसाळा सरत आला तेव्हा गुरुलिंगअप्पा आले. दारात उभे राहून चष्मा पुसत बसले. माणूस वाईट नाही.

"शरणम्मा, दिवाळीनंतर जागा लागती बरं का. क्लासच्या पोरांसाठी मेस काढायलाव. ते पोरंबी कुणाची तरी लेकरंच हायत."

"मग ही कुणाची हायत, अप्पा?"

अप्पांनी चष्मा पुन्हा पुसला. "तसं न्हाई गं. दिवाळीपर्यंत म्या काई बोलनार न्हाई."

त्या संध्याकाळी बाया लेकरं न्यायला आल्या त्या गोदामातच बसून राहिल्या. दुसरी जागा घ्यायची तर भाडं आलं, पाण्याची सोय आली, हाताखाली अजून दोघी लागणार. कुठून आणायचं? दिपाली डोळे पुसत म्हणाली, "म्हंजी परत कुलूपच."

आठवड्याने दिपालीच नाचत आली. तिच्या फोनवर कुणीतरी निरोप धाडला होता. एक संस्था वस्त्यांमधल्या कामांना अनुदान देणार होती, आणि अर्ज कसा करायचा ते सांगायला नांदेडला बैठक होती. बायांनी मला धरलं. "अण्णा, तुम्ही नाटकवाले. तुम्हाला बोलता येतं. शरणम्माबाईसंगं जावा." माझ्या वयात कुणी आपल्याला दौऱ्यावर न्यायचं म्हणतंय, याचाच मला आनंद. मी इस्त्रीचा झब्बा काढला.

अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेड गाठलं. वजिराबादेतल्या एका सभागृहात बैठक होती. संस्थेच्या मंजुषाताई बोलायला उभ्या राहिल्या. तरुण बाई, आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. "काय विकत घ्यायचंय, ते आधी सांगू नका," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, कुणाचं काय अडलंय. मग सांगा, किती जणांचं. आणि शेवटी सांगा, आमचा निधी एका वर्षाने संपेल तेव्हा हे काम कशावर चालेल. या तीन गोष्टी खऱ्या लिहा. भाषा साधी चालेल."

परतीच्या एसटीत शरणम्मा खिडकीशी बसली होती. लोहा मागे पडल्यावर म्हणाली, "अण्णा, तो तिसरा सवाल लई वाईट हाय."

"का गं?"

"आपण मेल्यावर घरच्यांचं काय, असं इचारल्यावानी हाय. पन इचारला ते बरं झालं. कुणी इचारतंच न्हाई."

आणि त्या तिसऱ्या सवालाच्या मागे ती खरंच लागली. दिपालीला घेऊन मिलवाल्यांकडे खेटे घातले. एका मालकाने पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्याच्या मुनीमाने मात्र कबूल केलं की लेकरं गोदामात असल्यापासून बायांच्या दांड्या कमी झाल्यात. ते ऐकून त्या मालकाने पुढच्या वर्षापासून एका मदतनीस बाईचा पगार द्यायचं लिहून दिलं. मग शेजारच्या मिलनेही दिलं, चढाओढीने. बायांनी आपापसात दरमहा काय द्यायचं ते ठरवलं. एका रिकाम्या शाळेच्या दोन खोल्या मिळण्यासारख्या होत्या, तिथल्या मालकाचं संमतिपत्रही आलं. मी जन्मभर तालमी पाहिल्या, पण इतकी नेटाने केलेली तालीम थोडीच पाहिली.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. त्यासाठी आम्ही मुज्तबाच्या दुकानात गेलो. मुज्तबा म्हणजे आमच्या चौकातला फॉर्म भरून देणारा. क्लासच्या पोरांच्या परीक्षा, रेशन कार्ड, पीक विमा, सगळं त्याच्या बोटांतून जातं. जीभही बोटांइतकीच चालते.

मी रात्री बसून लिहिलेला मजकूर त्याला वाचून दाखवू लागलो. "जिथे मातेचा घाम डाळीच्या कणाकणात मिसळतो, जिथे निरागस बालकांच्या..."

"मास्तर, मास्तर, ठैरो," मुज्तबा म्हणाला. "इथं शब्दांची मर्यादा हाय. तुमची तर नांदीतच मर्यादा संपली. सीधा बोलो ना. लेकरं कुलपात होती. शरणम्माआपाने बाहेर काढली. जागा चाललीय. बस."

त्याने टाइप केलं तेच बरं होतं. पहिला सवाल झाला, तिसराही झाला. मग तो दुसऱ्या सवालाकडे आला.

"आपा, लेकरं किती?"

"हायत की."

"हायत ते दिसतंय. किती?"

"असतीन पाच-सात."

मुज्तबाने माझ्याकडे बघितलं. मी शरणम्माकडे बघितलं. पाच-सात लेकरं तर तिच्या गोदामात नुसती दाराजवळ लोळत असत.

"आपा, मी रोज तिथून जातो," मुज्तबा म्हणाला. "पाच-सात तर फक्त नाक गळणारी हायत."

"लेकरं मोजू न्हाईत," शरणम्मा म्हणाली. "दृष्ट लागती."

"आमची अम्मीबी हेच बोलती. ती तर मुर्गीची पिल्लंबी मोजू देत नाही. पण हा फॉर्म हाय आपा, फॉर्मला कुठं डोळे असतात?"

"पाच-सात ल्ही म्हणलं ना!"

तिने ज्या आवाजात म्हटलं, त्याने बाहेर परीक्षेचे फॉर्म भरायला उभी असलेली पोरं वळून बघायला लागली. मुज्तबाने पाच-सात लिहिलं. बायांना विचारून आकडा काढावा म्हटलं, तर त्याही तशाच. जिची दोन लेकरं तिथे होती ती म्हणाली, "एकच हाय." जिचं एक होतं ती म्हणाली, "हाय आपलं कसंतरी." शेवटी अर्ज तसाच गेला.

महिना संपायच्या आत मंजुषाताईंचा फोन आला. शरणम्माने तो माझ्या कानाला लावला. अर्ज चांगला आहे, त्या म्हणाल्या, पुढची सोय तर फारच नीट विचार करून केलीय. पण इतक्या कमी मुलांसाठी निधी देता येत नाही. नियमात किमान जितकी मुलं हवीत, त्याच्या जवळपासही तुमचा आकडा नाही. मी घाईघाईने म्हणालो, "ताई, मुलं पुष्कळ आहेत, आकडा चुकला." "मग दुरुस्ती करा," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मी लातूरला येतेय. स्वतः मोजून घेते. मात्र नंतर मुदत नाही."

हे सांगितल्यावर दिपाली शरणम्माशी कडाकडा भांडली. तसं भांडण मी रंगमंचावरही पाहिलं नव्हतं, कारण तिथे दोघींनाही शेवट ठाऊक असतो.

"बाई, तुमच्यापायी आमची लेकरं परत कुलपात जातीन! एक आकडा सांगायला तुमचं काय जातंय?"

"जाऊ दे निधी. म्या दुसरं काई बघते."

"काय बगता? दिवाळी आली तोंडावर! आमीबी सांगत न्हाई आकडा, खरंय. पन आमी घाबरून सांगत न्हाई, तुमी तर हट्टानं सांगत न्हाई!"

शरणम्मा कानडीत काहीतरी बोलली आणि झोळ्यांच्या मागे गेली. दिपाली सत्यमला उचलून तरातरा निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली नाही. शरणम्माने तिचं लुगडं सकाळी दोराला बांधलं, संध्याकाळी सोडलं. दिवसभर ते वाऱ्यावर हलत होतं. ती कामं करत होती, पण ओरडून गात नव्हती, आणि लेकरं झोपत नव्हती.

मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो. उंबऱ्याशी बसलो. तिला कंपनीची गोष्ट सांगितली. आमच्या मालकांचा एक नियम होता. खेळाआधी कुणीही पडद्याच्या फटीतून डोकावून प्रेक्षक मोजायचे नाहीत. मोजलं की खेळ पडतो, असं ते मानत. पण हिशेब तर लागायचाच. मग खेळ संपल्यावर दारावरच्या फाटलेल्या तिकिटांचे तुकडे मोजायचे. माणसं मोजायची नाहीत, तुकडे मोजायचे.

शरणम्मा ऐकत होती की नाही, कुणास ठाऊक. चहा निवून गेला. मग ती एकाएकी बोलायला लागली, आणि पहिल्यांदा मी तिचा बारीक आवाज ऐकला.

"अण्णा, भूकंपात आमचं घर गेलं ते तुमाला ठाव हाय. सासू-सासरे गेले. मी, नवरा अन् माजा सोमू वाचलाव. सोमू अंगावर पिता. पत्र्याच्या शेडात ठिवलं आमाला. रोज सकाळी एक मानूस यायचा वही घिऊन. तुमी किती होता? आता किती? रोज तेच. त्येचं काम होतं ते, धान्य द्यायला लागतंय ना. म्या म्हणायची, तीन. तीन हाव. एक दिवस म्या सोमूच्या डोक्यावर हात ठिवून म्हणलं, हे बी धरा, तीन. त्याला ताप होता, पन वाचल असं वाटत होतं." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी तो मानूस आला. किती म्हणला. मला बोलता आलं न्हाई. नवऱ्यानं दोन बोटं दावली."

समोर ते हिरवं इरकल लुगडं लटकत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहवेना.

इतकी नाटकं केली, इतकी स्वगतं पाठ केली. पण त्या उंबऱ्यावर मला एक वाक्य आठवलं नाही जे तिला म्हणता यावं. मी निवलेला चहा ओतून दिला आणि दुसरा करून आणला.

मंजुषाताई आल्या तो दिवस दमट होता. मुज्तबाने दुकानाला अर्धं शटर ओढलं आणि आला. दिपाली मिलमधून सुट्टी घेऊन आली, सत्यम कडेवर. शरणम्माशी बोलली नाही, पण त्याला तिच्या हातात दिलं. शरणम्माने त्याला त्याच्या झोळीत घातलं. लेकरं नुकतीच जेवून निजली होती. तान्ही एकेका झोळीत, मोठी खाली सतरंजीवर.

"हजेरीची वही?" मंजुषाताईंनी विचारलं.

"न्हाई."

"बरं, मग मीच मोजते." त्यांनी बोट वर केलं आणि ओठ हलवायला सुरुवात केली. शरणम्मा झटकन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बोट दाखवू नका, बाई."

सगळे थबकले. रंगमंचावर नट वाक्य विसरतो तेव्हा असं होतं. दोन्ही विंगांत माणसं श्वास धरतात, आणि मागून वाक्य सांगणारा नेमका त्या वेळी नसतो. मंजुषाताईंचं बोट अर्ध्यावरच राहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांना काही उमगत नव्हतं.

"ताई, आकड्याशिवाय मी काही करू शकणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला पुढे उत्तर द्यायचं असतं."

शरणम्माने माझ्याकडे पाहिलं. मग झोळ्यांकडे.

"लेकरं नका मोजू," ती म्हणाली. "लुगडी मोजा."

"म्हणजे?"

"एका आईचं एक लुगडं. जिची दोन लेकरं, तिची दोन. खाली निजलेत त्येंचीबी घडी करून हायत तिथं. हे दिपालीचं, लग्नातलं हाय. हे शांताचं, हिनं नवऱ्याला सोडलं तवा हे एकच आनलं होतं. हे सखूचं, ठिगळाचं. हे बी तिचंच. हे तुळजाचं, लेकरू लई रडतं म्हणून धुतच न्हाई ती, वास जाईल म्हणती..."

ती पुढे पुढे चालत गेली, एकेका लुगड्याला हात लावत. मंजुषाताई मागून टिपत गेल्या. आवाज नव्हता. फक्त शरणम्माचं सांगणं आणि दोरांचं करकरणं. शेवटी त्या कोपऱ्यात आल्या. मंजुषाताईंनी हिरव्या इरकलीकडे पाहून पेन टेकवलं.

"ते धरू नका," शरणम्मा म्हणाली. "ते माजं हाय. एक कमी करा."

तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं. एक कमी करा. मंजुषाताईंनी पेन उचललं.

"नावांची यादी मात्र लागेल," मग त्या म्हणाल्या. "प्रत्येक आईच्या सहीने."

"नावं देते की. नावाला कसली दृष्ट?"

आकडा किती आला ते मी इथे लिहीत नाही. शरणम्माला आवडणार नाही. नियमाला पुरून उरला, एवढंच.

आम्ही सगळे हसत घरी गेलो. दोनच दिवसांनी सत्यम तापाने फणफणला. साधा ताप म्हणता म्हणता श्वास लागला आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं.

शरणम्मा मुज्तबाच्या दुकानात येऊन उभी राहिली. भस्माचे पट्टे पुसलेले, केस विस्कटलेले. "अर्ज मागं घे."

"आपा..."

"बेडा! नको मला ते. म्या मोजली, तीबी सगळ्यांम्होरं. मागं घे म्हणते ना!"

मुज्तबाने स्क्रीन तिच्याकडून वळवली. "सर्वर डाऊन हाय, आपा. उद्या या."

दुसऱ्या दिवशीही सर्वर डाऊन होता. तिसऱ्याही. क्लासची पोरं त्याच दुकानात भराभर फॉर्म भरून जात होती, पण शरणम्मासाठी सर्वर काही केल्या उठेना. तिला ते कळत नव्हतं असं नाही. ती तशीच वळायची आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन बसायची. आत जात नव्हती. "माजी सावली नको त्येच्यावर," म्हणायची. मी तिच्यापाशी जाऊन बसायचो. डबा न्यायचो, तो तसाच परत आणायचो. लेकरं मी आणि दोघीतिघींनी सांभाळली, म्हणजे मी नाट्यगीतं म्हटली. लेकरांना ती पसंत पडली नाहीत.

मग एका दुपारी दिपाली फाटकाबाहेर आली. डोळे जागून लाल झालेले. शरणम्मा उठून मागे सरकली.

"थांबा तितंच," दिपाली म्हणाली. "तुमी मोजलं म्हणून ताप आला?"

शरणम्माने पदर डोक्यावर ओढला आणि अजून एक पाऊल मागे घेतलं.

"अन् थप्पी पडली त्येच्या अंगावर, तवा कुनी मोजलं होतं? सांगा की! तवा त्येला कुनी मोजतबी नव्हतं. त्येच्यासाठी जागा नव्हती, आकडा नव्हता, काईच नव्हतं." तिने पदराने तोंड पुसलं. "डॉक्टर म्हणले, उतारावर हाय आता. पन झोपत न्हाई तो. आत लई शांत हाय, बाई. कूलरबी बंद. या ना आत. वरडा जरा."

शरणम्मा गोदामाकडे पळत गेली आणि दिपालीचं लुगडं घेऊन आली. त्यात सत्यमला गुंडाळून मांडीवर घेतलं आणि सूर लावला. वॉर्डातल्या खाटांवरची माणसं उठून बसली. नर्स धावत आल्या. "अहो बाई, हा दवाखाना आहे!" दिपाली त्यांच्यासमोर हात पसरून उभी राहिली. "जरा थांबा ओ मॅडम. झोपायलाय. झोपायलाय तो." नर्सने रागाने पाहिलं, मग लेकराकडे पाहिलं, आणि खिडक्या लावून घेतल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मुज्तबाचा सर्वर आपोआप सुरू झाला असावा. पण शरणम्मा दुकानाकडे फिरकली नाही.

निधी मंजूर झाला. दिवाळी झाल्यावर शाळेच्या त्या दोन खोल्यांमध्ये दोर बांधले गेले. गुरुलिंगअप्पांनी स्वतः लोखंडी कड्या आणून दिल्या. त्यांच्या मेसमधून पहिल्या दिवशी लेकरांसाठी वरणभात आला, त्यात हिंग जरा जास्तच होता. सगळं सुरळीत झालं असं मात्र म्हणवत नाही. अनुदान एका वर्षाचं आहे. पगार कबूल केलेल्या दोघा मालकांपैकी एकाने आताच चालढकल सुरू केलीय, आणि शरणम्मा पुन्हा त्याच्या दारात खेटे घालतेय. हजेरीची वही ठेवावी लागते. ती दिपाली लिहिते. ती लिहायला बसली की शरणम्मा पाण्याच्या टाकीकडे निघून जाते आणि भांडी नसली तरी घासत बसते. एखादं लेकरू शिंकलं तरी तिचा चेहरा उतरतो. रात्री झोप लागत नाही म्हणते. ही भीती काही मंजुरीच्या पत्राने जाण्यासारखी नाही.

मागच्या सोमवारी मनतशा आली. नव्याने मिलमध्ये लागलेली, कोवळी मुलगी, कडेवर तान्हं. दारातच घुटमळली.

"आपा, साडी आणायला सांगितली होती तुम्ही. पण माझ्याकडे साडीच नाही. मी ड्रेसच घालते. ओढणी चालंल का?"

शरणम्माने ओढणी हातात घेऊन ताणून पाहिली. "फाटंल ही." ती उभी राहिली. ओढणी घडी करून मनतशाच्या खांद्यावर ठेवली. मग कोपऱ्यात गेली, इथेही रिकामीच बांधलेली हिरवी इरकल छातीशी धरली, दोर पुन्हा घट्ट केला आणि हात पुढे केले. मनतशाने लेकरू तिच्या हातात दिलं. लेकराने इरकलीच्या काठाशी नाक घासलं, तोंड वाकडं केलं, रडायच्या बेतात आलं.

दिपाली दाराशी वही घेऊन बसली होती. तिने कोपऱ्याकडे पाहिलं, पेन थांबवलं, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "बाई, हे धरू का?"

शरणम्मा या वेळी टाकीकडे गेली नाही. झोळीचा दोर हातात धरून तशीच उभी राहिली.

"धर," ती म्हणाली. आणि झोका देत, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सुरुवात केली.